कंट्रोल ग्रुप नव्हता, तरी पुरावा होता का? विंचूदंश, हृदय आणि भोकरदनचा एक डॉक्टर

जालना एमआयडीसीच्या आसपास राहणाऱ्या माणसाला ‘संशोधन’ म्हटलं की आधी बियाणं आठवतं, स्टील नंतर. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये जालन्यात महिको सुरू केली. तेव्हापासून इथे ‘ट्रायल प्लॉट’ हा शब्द शेतकऱ्यालाही नवा राहिला नाही. नवं वाण एका पट्ट्यात, जुनं शेजारच्या पट्ट्यात, माती तीच, पाऊस तोच, खत तेच. मग जो फरक दिसेल तो वाणाचा. कंट्रोल ग्रुप म्हणजे काय हे समजायला एवढं पुरे. अडचण पुढे आहे. समोरच्या माणसाचं हृदय निकामी होत असेल, तोंडातून गुलाबी फेस येत असेल, तेव्हा त्याला शेजारचा पट्टा करता येतो का?

पेट पास होऊन सिनॉप्सिसला बसलेल्यांकडून मला हमखास येणारा प्रश्न असा असतो: ‘कंट्रोल ग्रुप नाही मिळाला तर अभ्यास धरतात का? आरआरसीत काय सांगू?’ याचं हो किंवा नाही असं उत्तर माझ्याकडे नाही. पण एक खरी केस आहे आणि ती आपल्याच जिल्ह्यातल्या माणसाची आहे. डॉ. हिंमतराव साळुबा बावस्कर. जन्म १९५१, गाव देहेड, तालुका भोकरदन. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा बातम्यांत ‘विंचूदंशावर औषध शोधणारे डॉक्टर’ एवढंच आलं. औषध त्यांनी शोधलं नाही, ते आधीपासून दुकानात होतं. त्यांनी नेमकं काय केलं, हे संशोधनाच्या विद्यार्थ्याने नीट बघण्यासारखं आहे.

आधी तीन शब्द वेगळे करून घेऊ, कारण आपण बोलताना ते एकमेकांत मिसळतो. हार्ट अटॅक म्हणजे हृदयाला रक्त पुरवणारी वाहिनी तुंबणं. कार्डियाक अरेस्ट म्हणजे हृदयाचं पंपिंग थांबणं. हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय चालू आहे, पण शरीराला लागेल तेवढं रक्त ढकलायला कमी पडतंय. हे वर्षानुवर्षं हळूहळू होऊ शकतं, तसंच काही तासांतही होऊ शकतं. काही तासांत होतं तेव्हा रक्त मागे फुफ्फुसांकडे तुंबतं, फुफ्फुसांत पाणी भरतं आणि माणूस बसल्या जागी बुडाल्यासारखा तडफडतो. त्याला पल्मनरी इडिमा म्हणतात. कोकणातला लाल विंचू माणूस मारतो तो बहुतेक असा, हृदयाच्या वाटेने. आपल्याकडे ‘विष चढलं’ म्हणतात. चढतं म्हणजे काय होतं, हाच इथला संशोधनाचा प्रश्न.

बावस्करांनी नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून एमबीबीएस केलं आणि १९७६ मध्ये महाड तालुक्यात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. (गंमत म्हणजे आज महाडची एमआयडीसी याच बिरवाडीला लागून आहे.) जुने संदर्भ शोधणाऱ्यांसाठी एक सूचना: १९७६ च्या कागदपत्रांत ‘रायगड’ शोधाल तर मिळणार नाही, तो तेव्हा कुलाबा जिल्हा होता. ‘जालना जिल्हा’ही मिळणार नाही, तो १९८१ मध्ये औरंगाबाद जिल्ह्यातून वेगळा झाला. विंचवाचं शास्त्रीय नावसुद्धा बदलत गेलं आहे: बुथस टॅम्युलस, बुथोटस टॅम्युलस, मेसोबुथस टॅम्युलस आणि आता हॉटेन्टोटा टॅम्युलस. प्राणी तोच. एकच नाव टाकून सर्च मारलात तर निम्मं साहित्य हातून जाईल.

बिरवाडीत विंचू चावलेले रुग्ण नेहमीचे. जांभ्याच्या भिंती, कौलं, सरपणाचे ढीग, भातकापणीचा पेंढा. विंचवाला राहायला जागाच जागा. पाठ्यपुस्तकात विंचूदंशाला अर्ध पान, तेही वेदनेबद्दल. आणि इथे धडधाकट पोरं रात्री चावा झाला की पहाटे फुफ्फुसांत पाणी होऊन जात होती.

हे जगाला अगदीच माहीत नव्हतं असं नाही. १९६१ मध्ये पी. एम. मुंडले यांनी विंचूदंशानंतर होणाऱ्या पल्मनरी इडिमाबद्दल ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लिहिलं होतं. १९७० मध्ये इस्रायलचे गेरॉन आणि यारोन यांनी चेस्ट या नियतकालिकात विंचूदंशातल्या हृदयाच्या लक्षणांवर पेपर छापला होता. म्हणजे गाइड ज्याला ‘रिसर्च गॅप’ म्हणतात तो ‘यावर कोणीच काम केलं नाही’ असा नव्हता. विंचू हृदयावर जातो हे छापलेलं होतं. कोणत्या रुग्णाचं हृदय बिघडणार हे आधी कसं ओळखायचं आणि बिघडलं तर करायचं काय, हे मात्र खेड्यातल्या डॉक्टरला कुठेच मिळत नव्हतं. तेव्हा दिली जाणारी औषधं म्हणजे अँटिहिस्टॅमिन, स्टेरॉइड, अॅट्रोपिन, डिजिटालिस, गुंगीच्या औषधांचं मिश्रण. जो डॉक्टर जे शिकला ते तो द्यायचा.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येतो, पण गावातल्या वाटेने. गावोगाव विंचू उतरवणारा असतो. तुमच्याही गावात असेल. मंत्र म्हणतो, पाला चोळतो, हात फिरवत विष ‘खाली आणतो’ आणि बहुतेक लोक बरे होतात. त्याच्याकडेही पुरावा आहे: आधी दुखत होतं, मी उतरवलं, आता दुखत नाही. त्याची नोंदवही असती तर ९० टक्क्यांच्या वर यश दिसलं असतं. कारण बहुतेक विंचूदंश असेही काही तासांत शमतात. जे दगावतात ते दवाखान्यात किंवा वाटेत दगावतात, त्याच्या अंगणात नाही. उपचाराआधी आणि उपचारानंतर एवढीच तुलना केली की असं होतं. मग बावस्करांनी जे केलं ते यापेक्षा वेगळं कसं? त्यांच्याकडेही सुरुवातीला कंट्रोल ग्रुप नव्हताच.

माझ्या मते वेगळेपणाची सुरुवात औषधाच्या बरीच आधी, नोंदीत आहे. ते रुग्णाच्या खाटेशी बसून लक्षणं आणि वेळ लिहीत. चावा कधी झाला, उलटी कधी, घाम कधी, हातपाय गार कधी पडले, नाडी, रक्तदाब. १९८२ मध्ये लॅन्सेटमध्ये त्यांचा पेपर आला तो नेमका यावर होता: लाल विंचवाच्या दंशात हृदयावर परिणाम होणार हे आधीच सांगणारी लक्षणं. उलटी, दरदरून घाम, गार पडलेले हातपाय, पुरुषांमध्ये आपोआप येणारी लिंगाची ताठरता. यातलं शेवटचं लक्षण विचारायला आणि सांगायला लोक लाजतात, त्यामुळे ते केसपेपरवर येतच नाही. त्यांनी ते विचारलं, पाहिलं आणि लिहिलं.

याचा फायदा साधा आहे. आता ‘विंचू चावलेला रुग्ण’ हा एकच ढीग राहिला नाही. नुसतं दुखणाऱ्यांचा एक गट झाला आणि अंगभर लक्षणं उठलेल्यांचा दुसरा. औषधाचा गुण बघायचा तो दुसऱ्या गटात. विंचू उतरवणाऱ्याचं यश सगळं पहिल्या गटात असतं. भागाकारात खाली कोणता आकडा घेतला हे आधी विचारा, असं आमचे सर म्हणतात ते यासाठीच.

मग कारण काय ते शोधणं आलं. लाल विंचवाचं विष मज्जातंतूंमधली सोडियमची दारं बंद होऊ देत नाही. त्यामुळे आधी उलटी, घाम, लाळ ही लक्षणं येतात आणि मग अॅड्रिनॅलिनसारख्या रसायनांचा शरीरात पूर येतो. रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो, हातपाय बर्फ होतात. मोटर चालू आहे आणि पुढचा व्हॉल्व्ह कोणीतरी आवळत चाललंय असं समजा. हृदयाचा स्नायूही या पुरात दुखावलेला असतो. तो दाबाविरुद्ध ढकलून थकतो आणि रक्त मागे फुफ्फुसांकडे तुंबतं. असं असेल तर डिजिटालिस देऊन मोटरचा जोर वाढवणं उपयोगाचं नाही आणि अॅट्रोपिनने नाडी आणखी पळवणं तर उलटच. व्हॉल्व्ह सैल करायला हवा.

रक्तवाहिन्या सैल करणारी औषधं तेव्हा होती. पण सलाइनमधून थेंबाथेंबाने द्यायचं आणि मिनिटामिनिटाला रक्तदाब बघायचा, असं नायट्रोप्रुसाइड खेड्यातल्या आरोग्य केंद्राला झेपणारं नव्हतं. प्राझोसिन मात्र गोळी. रक्तदाबाची, सत्तरच्या दशकापासून वापरात असलेली, स्वस्त, तोंडाने घ्यायची. रक्तवाहिन्या आवळणारे जे अल्फा रिसेप्टर, तेच ती अडवते. पहिल्या डोसनंतर उठून बसलं तर रक्तदाब एकदम पडू शकतो, म्हणून रुग्णाला आडवंच ठेवायचं, एवढं पथ्य. १९८६ च्या मार्चमध्ये डॉ. हिंमतराव आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांच्या नावाने लॅन्सेटमध्ये विंचूदंशातल्या हृदयाच्या लक्षणांवर प्राझोसिन कसं उपयोगी पडतं हे छापून आलं. छोटंसं, दोन पानांत मावणारं.

त्याच वर्षी जूनमध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये अमेरिकेच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांतली एक मोठी चाचणी आली, जी व्ही-हेफ्ट नावाने ओळखली जाते. ६४२ पुरुष, सगळे जुनाट हार्ट फेल्युअरचे. एका गटाला प्लासिबो, एका गटाला प्राझोसिन, एका गटाला हायड्रालाझिन आणि आयसोसॉर्बाइड डायनायट्रेट. निकाल असा की या जोडगोळीने मृत्यू कमी झाले आणि प्राझोसिन प्लासिबोपेक्षा काही बरं ठरलं नाही.

एकच औषध, एकच वर्ष, दोन्हीकडे ‘हार्ट फेल्युअर’. महाडकडून कळतं की माणसं वाचतायत आणि अमेरिकेची चोख रँडमाइज्ड चाचणी सांगते की फायदा नाही. व्हायवात हे दोन पेपर समोर ठेवून ‘कोणावर विश्वास ठेवाल?’ असं विचारलं तर बरेच जण पाठ केलेलं उत्तर देतील: पुराव्याच्या पिरॅमिडमध्ये आरसीटी वर, म्हणून अमेरिका बरोबर. आणि ते चुकेल. दोन्ही बरोबर आहेत. जुनाट आजारात हृदय वर्षानुवर्षं बदलत गेलेलं असतं, औषध महिनोन् महिने द्यायचं असतं आणि शरीर प्राझोसिनला सरावतं, असं स्पष्टीकरण दिलं जातं. विंचवाच्या केसमध्ये काल संध्याकाळपर्यंत हृदय ठणठणीत होतं. पूर एक-दोन दिवसांत ओसरणार आहे, तेवढा काळ तग धरायचा आहे. पिरॅमिड अभ्यासाची रचना मोजतो. दोन अभ्यासांतला आजार एकच आहे का, हे त्याला कळत नाही. ते तुम्हालाच बघावं लागतं.

कंट्रोल ग्रुपशिवायही निसर्ग कधी कधी तुलना मांडून देतो, त्याचं एक उदाहरण मला फार आवडतं. १९९१ मध्ये बावस्करांनी एक छोटा पेपर छापला. एकच लाल विंचू लागोपाठ दोघांना चावला तर काय होतं? पहिल्याच्या हृदयावर गंभीर लक्षणं आली, दुसऱ्याच्या नाही. विंचू तोच, वेळ साधारण तीच. उघड दिसणारा फरक म्हणजे नांगीत उरलेलं विष. विषाची मात्रा आणि हृदयाचा बिघाड यांचा संबंध दाखवायला प्रयोगशाळा लागली नाही, घरच्यांना ‘आधी कोणाला चावला?’ हे विचारणारा डॉक्टर लागला. अशा घटनेला नैसर्गिक प्रयोग म्हणतात. मेथडॉलॉजीच्या पेपरला व्याख्या लिहाल तेव्हा परदेशातली उदाहरणं देण्याऐवजी हे द्या.

आता सगळ्यात जास्त उद्धृत होणारा आकडा. पश्चिम भारतात १९६१ ते १९८३ या काळात गंभीर विंचूदंशात पल्मनरी इडिमाने २५ ते ३० टक्के रुग्ण दगावल्याची नोंद आहे. १९८४ पासून प्राझोसिन सुरू झालं आणि हे प्रमाण १ टक्क्याच्या खाली आलं. शास्त्रीय भाषेत याला ऐतिहासिक कंट्रोल म्हणतात, म्हणजे शेजारचा पट्टा नाही, गेल्या वर्षीचं शेत. आणि गेल्या वर्षी पाऊस वेगळा होता, हे कोणीही सांगेल. त्या वीस-पंचवीस वर्षांत रस्ते झाले, एसटी पोचली, लोक लवकर दवाखान्यात यायला लागले, डॉक्टरांना लक्षणं ओळखता यायला लागली. लवकर येणाऱ्यांत सौम्य रुग्ण जास्त असतात, त्यामुळे भागाकारातला खालचा आकडा फुगतो आणि टक्केवारी औषधाशिवायही घसरते. घसरणीचा काही भाग या सगळ्याचा असणार, हे मी तरी मान्य करतो.

पण तीसवरून एकवर? रस्ते आणि एसटीने एवढं होत नाही. पूर्वग्रह केवढा मोठा असायला हवा आणि परिणाम केवढा मोठा आहे, हे शेजारी ठेवून बघायचं असतं. परिणाम अवाढव्य असेल आणि कारणाची साखळी जुळत असेल, तर ऐतिहासिक कंट्रोलही बराच भार पेलतो. दुसरी बाजूही हिशोबात घ्या. ३५ गंभीर रुग्णांना प्राझोसिन न देता ‘कंट्रोल’ म्हणून ठेवायचं, तर जुन्या दराने त्यातले नऊ-दहा मरतील. सिनॉप्सिसमध्ये ‘कंट्रोल ग्रुप: ३५’ टाइप करायला दोन सेकंद लागतात. बिरवाडी-महाडच्या वॉर्डात तो आकडा म्हणजे कोणाची तरी पोरं.

हाच तर्क मात्र लहान फरकाला लावू नका. समजा उद्या जालना एमआयडीसीत हृदयरुग्णांसाठी वेगळी रुग्णवाहिका आली आणि वर्षाने कोणी म्हटलं की छातीत दुखणाऱ्या कामगारांतले मृत्यू १२ टक्क्यांवरून ९ वर आले (आकडे काल्पनिक आहेत). इथे मी लगेच टाळी वाजवणार नाही. भट्टीवर काम करणाऱ्याला घाम, धाप, चक्कर उष्म्यानेही येते. रुग्णवाहिका आहे म्हटल्यावर असे सगळे नेले जातील आणि खालचा आकडा फुगेल. शिवाय आधीच्या वर्षी कोणी किती वाजता ‘छातीत भरून आलं’ म्हणालं याची नोंद होती का? कारखाना कायदा १९४८ लागू होता तेव्हा त्याप्रमाणे दीडशे कामगारांमागे किमान एक प्रथमोपचार पेटी ठेवावी लागायची आणि पाचशेच्या वर कामगार असतील तर अॅम्ब्युलन्स रूम. पेटी असणं आणि पेटी उघडल्याची वेळ लिहिलेली असणं, या दोन गोष्टी वेगळ्या. जालन्यात राहून तातडीच्या हृदयोपचारावर काम करायचं असेल तर सुरुवात त्या वेळेच्या रकान्यापासून होईल.

प्राझोसिनबद्दल सगळ्यांचं एकमत झालं असंही समजू नका. मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजमध्ये के. राधाकृष्ण मूर्ती यांनी या विषबाधेत इन्सुलिनचं काम बिघडतं ही बाजू लावून धरली आणि इन्सुलिनच्या उपचारावर काम केलं. हाफकिनची विंचूविरोधी लस आल्यावर नातू आणि सहकाऱ्यांनी कोकणातल्या ग्रामीण रुग्णालयातल्या अनुभवावर २००६ मध्ये आणि लस विरुद्ध प्राझोसिन अशा तुलनेवर २०१० मध्ये पेपर छापले. रक्तवाहिन्या सैल करून वेळ काढायचा की विषालाच रक्तात गाठायचं, असा हा वाद होता आणि तो चांगला चालला.

आता एक मजेची गोष्ट झाली. प्राझोसिन विरुद्ध काहीच नाही अशी चाचणी नैतिक नव्हती. पण प्राझोसिन हाच प्रस्थापित उपचार झाल्यावर प्राझोसिन एकटं विरुद्ध प्राझोसिन अधिक लस, अशी चाचणी नैतिक झाली, कारण दोन्ही गटांना जीव वाचवणारं औषध मिळणारच होतं. २०११ मध्ये बावस्कर दांपत्याने महाडमध्ये केलेली ही रँडमाइज्ड चाचणी बीएमजेमध्ये आली. ७० रुग्ण, ३५-३५. दहा तासांत लक्षणं पूर्ण शमली का, हे मुख्य मोजमाप. लस आणि प्राझोसिन दोन्ही मिळालेल्यांत ३५ पैकी ३२, नुसतं प्राझोसिन मिळालेल्यांत ३५ पैकी ८. बरं व्हायला सरासरी ८ तास, विरुद्ध १७.७ तास. ज्यांचं नाव आयुष्यभर प्राझोसिनशी जोडलं गेलं, त्यांनीच ‘सोबत लस दिली तर जास्त लवकर बरं वाटतं’ हे छापलं.

या चाचणीच्या मर्यादाही पेपरमध्येच दिसतात. ती ओपन लेबल होती, म्हणजे कोणाला लस दिली हे डॉक्टरला माहीत होतं आणि ‘लक्षणं शमली’ हे डॉक्टरच ठरवणार. मोजमाप बरं होण्याच्या वेळेचं होतं, मृत्यूचं नाही. आणि घेतलेले सगळे रुग्ण ग्रेड दोनचे: घाम, उलटी, गार हातपाय ही अंगभर लक्षणं आहेत, पण हृदय-फुफ्फुसांची गुंतागुंत अजून झालेली नाही. म्हणजे फुफ्फुसांत पाणी भरलेला, फेस आलेला जो रुग्ण बिरवाडीत दिसला आणि ज्याच्यापासून हे सगळं सुरू झालं, तो या ७० जणांत नाही. त्याच्यासाठी लसीचा किती उपयोग, याचं उत्तर या पेपरमधून काढता येत नाही.

पेपर बीएमजेच्या साइटवर मोफत आहे. आधी वगळण्याचे निकष वाचा, मग निकाल. १९८६ चं लॅन्सेटमधलं पत्र विद्यापीठाच्या लायब्ररीतून मागवता येईल. दोन पानं आहेत, एका बैठकीत होतात.